हिवतापाच्या मर्मावर बोट

शंकेखोर : मॅडम, वर्षातून तीन-चारदा तीच बातमी वाचायला मिळते. हिवतापाच्या परजीवीचं नवं मर्मस्थान सापडलं, आता औषध दूर नाही. प्रथिनाचं नाव बदलतं, विद्यापीठ बदलतं, शेवटचं वाक्य मात्र तेच. २००२ साली ‘प्लाझ्मोडियम फाल्सिपेरम’चा संपूर्ण जीनोम छापून आला तेव्हाही हेच ऐकलं होतं. चौदा गुणसूत्रं, दोन कोटी तीस लाखांच्या आसपास अक्षरं, सुमारे ५,३०० जनुकं. शत्रूची कुंडलीच हाती आली म्हणाले. ती मांडून वीस वर्षांच्या वर झाली. त्या यादीतलं एखादं प्रथिन निवडलं, त्याला निकामी करणारा रेणू बनवला आणि तो गोळी होऊन दवाखान्यात पोचला, असं एक तरी उदाहरण सांगा. नाही सांगता येणार. माझ्या कपाटात जे काही आहे ते सगळं उलट्या वाटेनं आलंय. क्विनाइन सिंकोनाच्या सालीतून आलं. क्लोरोक्विन १९३४ साली जर्मनीत बनलं, ते रेणूंत फेरफार करून बघता बघता. आर्टेमिसिनिन चीनच्या ‘प्रकल्प ५२३’मध्ये तू यूयू यांनी काढलं, आपल्या दवण्याच्या कुळातल्या एका झुडपातून, जुन्या वैद्यकग्रंथांचा माग काढत. त्यांना २०१५ साली नोबेल मिळालं ते योग्यच झालं. पण यातलं एकही औषध परजीवीच्या नेमकं कुठे लागतं, हे ते देणाऱ्यांना तेव्हा ठाऊक नव्हतं. आधी रुग्ण बरा झाला, कारण मागाहून शोधलं गेलं.

उत्साही : हा हिशोब मी खोडत नाही, डॉक्टर. त्यात न कळण्याची किंमत तेवढी धरलेली नाही. क्लोरोक्विन दुसऱ्या महायुद्धानंतर जगभर वाटलं गेलं. १९५०चं दशक संपता संपता थायलंड-कंबोडियाच्या सीमेवर आणि कोलंबियात त्याला दाद न देणारा फाल्सिपेरम दिसायला लागला. तो कसा निसटतो हे कळलं २००० साली, ‘पीएफसीआरटी’ या वाहक प्रथिनाचं जनुक सापडलं तेव्हा. मधली चाळीस वर्षं आपण नुसते नकाशावर डाग पसरताना बघत होतो. आणि मर्म तर सुरुवातीपासून डोळ्यांसमोर होतं! २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबादेत रोनाल्ड रॉस यांना डासाच्या जठराच्या भिंतीत काळे कण दिसले आणि त्यांवरून त्यांनी परजीवी ओळखला. हे कण म्हणजे हीमचे स्फटिक. परजीवी आपलं हिमोग्लोबिन खातो. त्यातून सुटणारं हीम त्याला विषारी असतं, म्हणून तो त्याचे स्फटिक करून बाजूला टाकतो. क्लोरोक्विन अडवतं ते नेमकं हेच काम. ज्या खुणेवरून परजीवी ओळखला तीच त्याची दुखरी नस होती, आणि दोन्हींची गाठ पडायला जवळजवळ शतक गेलं. मर्म आधी कळावं असं मला वाटतं ते म्हणून.

शिवाय शोधायला हा जीव विलक्षण आहे. त्याच्या पेशीत चार पापुद्र्यांच्या आवरणाचं एक अंगक आहे, ॲपिकोप्लास्ट. त्याला स्वतःचा पस्तीस हजार अक्षरांचा गोल डीएनए आहे. फार फार पूर्वी याच्या पूर्वजानं एक लाल शैवाल गिळलं आणि ते पचवलं नाही, त्याचा हा अवशेष. आपल्या तांबड्या पेशीत राहणाऱ्या जिवाच्या आत एका वनस्पतीचं उरलंसुरलं अंग! प्रकाश पकडण्याचं काम केव्हाच सुटलं, पण जिवाणूंच्या आणि वनस्पतींच्या पद्धतीनं रसायनं बनवण्याची यंत्रणा तशीच राहिली. मुंबईच्या आयआयटीत स्वाती पाटणकर यांच्या प्रयोगशाळेत या अंगकापर्यंत प्रथिनं कशी पोचवली जातात यावर काम चालतं. माणसाच्या पेशीत ही यंत्रणा नाहीच. जे रुग्णात नाही ते मोडलं तर रुग्णाला धक्का लागू नये. इतका सरळ तर्क वैद्यकात क्वचित सापडतो.

शंकेखोर : त्या सरळ तर्कानंच घात केलाय. २००१ साली बंगळुरूच्या नमिता आणि अवधेश सुरोलिया यांच्या गटानं दाखवलं की साबणात, टूथपेस्टमध्ये वापरलं जाणारं ट्रायक्लोसान हिवतापाच्या परजीवीला मारतं, काचपात्रातही आणि उंदरातही. बोट ठेवलं गेलं ते तुमच्या याच ॲपिकोप्लास्टमधल्या, मेदाम्लं बनवणाऱ्या ‘फॅब-आय’ या एन्झाइमवर. काम चांगलं होतं, जगभरच्या प्रयोगशाळा त्यामागे लागल्या. मग २००८ साली ते जनुकच परजीवीतून काढून टाकण्यात आलं. परजीवी रक्तात खुशाल वाढत राहिला. त्याहून वाईट म्हणजे जनुक नसलेला परजीवीसुद्धा ट्रायक्लोसाननं मरतच होता. म्हणजे औषध लागत होतं ते दुसरीकडेच कुठेतरी, आणि सात वर्षं आपण भलत्याच दारावर पहारा दिला.

बंगळुरूतलंच दुसरं उदाहरण गोविंदराजन पद्मनाभन यांचं. परजीवी हीम स्वतःही बनवतो, हे त्यांच्या गटानं १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला दाखवलं. औषधासाठी ही जागा फार आशेची मानली गेली. २०१३ साली त्यांच्याच गटानं ती जनुकं काढून सिद्ध केलं की रक्तातल्या अवस्थेत परजीवीचं त्यावाचून अडत नाही. आपलीच आशा आपल्याच प्रयोगानं खोडणं याला धैर्य लागतं, त्यांना मी मानतो. पण तापानं फणफणलेला माणूस रक्तातल्या अवस्थेमुळेच फणफणलेला असतो, मॅडम.

उत्साही : दोन्ही गोष्टी तुम्ही अर्ध्यावर सोडल्यात. हीम बनवणं रक्तात लागत नाही, पण डासात आणि यकृतात लागतं. मेदाम्लांचंही तसंच, उंदरांतल्या परजीवीत यकृतातली वाढ त्यावाचून पुरी होत नाही. हा जीव एका आयुष्यात तीन संसार करतो आणि प्रत्येकात त्याची गरज वेगळी. ‘आवश्यक आहे का’ हा प्रश्न म्हणून अपुरा ठरतो, ‘कुठे आवश्यक आहे’ असं विचारावं लागतं. हा धडा फॅब-आयनंच शिकवला. पुढे २०११ साली कॅलिफोर्नियात एलन ये आणि जोसेफ डेरिसी यांनी फार देखणा प्रयोग केला. परजीवीला बाहेरून आयसोपेन्टेनिल पायरोफॉस्फेट हे एकच रसायन पुरवलं आणि प्रतिजैविकानं त्याचं सबंध ॲपिकोप्लास्ट नाहीसं केलं. परजीवी जगला! म्हणजे त्या अंगकात कितीही धंदे चालत असले, तरी रक्तातल्या अवस्थेत परजीवीला त्याच्याकडून एवढा एकच माल हवा असतो. शोध एकदम केवढा आकसला बघा. हा माल बनवण्याच्या मार्गावरच घाव घालणारं फॉसमिडोमायसिन गॅबन आणि थायलंडमध्ये रुग्णांना देऊन पाहिलं, तर ताप उतरला.

शंकेखोर : आणि परजीवी परत आला.

उत्साही : आला, कारण ते औषध शरीरात टिकत नाही, काही तासांत निघून जातं. मर्म खरं होतं, बाण आखूड पडला. या दोन चुकांमधला फरक आज सांगता येतो, आणि तो फार मोठा आहे. २०१८ साली फ्लोरिडातल्या जॉन ॲडम्स यांच्या गटानं फाल्सिपेरमच्या जनुकांत जागोजागी खुट्ट्या मारून ३८,००० हून अधिक उत्परिवर्ती परजीवी तपासले. ज्या जनुकात खुट्टी बसूनही परजीवी जगतो ते रक्तात आवश्यक नाही, जिथे ती कधीच बसलेली सापडत नाही ते आवश्यक. अशी २,६८० जनुकं निघाली. फॅब-आयवर सात वर्षं घालवायची वेळ आता कुणावर येऊ नये.

शंकेखोर : २,६८० म्हणजे निम्मा परजीवी! निम्म्या गावावर संशय घेऊन चोर सापडत नाही. आणि आवश्यक असणं पुरतं तरी का? ॲटोव्हाक्वोन घ्या. परजीवीच्या मायटोकाँड्रियातल्या सायटोक्रोम-बी या प्रथिनावर ते बसतं. मर्म खरं, आवश्यक, औषध जालीम. एकट्यानं दिलं तेव्हा बऱ्याच रुग्णांत परजीवी उलटून आला, त्या प्रथिनातलं २६८ व्या जागेवरचं एक अमिनो आम्ल बदलून. एक! त्याच मायटोकाँड्रियातलं दुसरं एन्झाइम, डीएचओडीएच, त्यावर डीएसएम-२६५ हे औषध तुमच्या पद्धतीनं, मर्म आधी ठरवून बनवलं गेलं. प्रदीपसिंह राठोड यांच्यासारख्या लोकांची त्यामागे वर्षानुवर्षांची मेहनत. पेरूमध्ये रुग्णांना दिलं तर काहींमध्ये ते एन्झाइमच बदललेला परजीवी निघाला.

यात दुर्दैव काही नाही, साधा गुणाकार आहे. जबर संसर्ग झालेल्या माणसाच्या अंगात एक लाख कोटीच्या घरात परजीवी असू शकतात. दर विभागणीत एखादं ठरावीक अक्षर चुकीचं उतरण्याची शक्यता शंभर कोटींत एक धरा, हवं तर हजार कोटींत एक धरा. तरीही जो बदल औषधाला हरवतो तो झालेला परजीवी, औषधाचा पहिला घोट जाण्याआधीच, त्या एका शरीरात हजर असणार. तुम्ही जितकं नेमकं मर्म शोधाल, एका प्रथिनातली एक खाच, तितकं त्याला निसटणं सोपं. क्लोरोक्विन इतकी वर्षं का टिकलं? हीम परजीवीच्या कुठल्याच जनुकात लिहिलेलं नाही, ते आपल्या रक्तातून येतं. त्याला ते बदलता येत नाही. निसटायला पीएफसीआरटी या वाहक प्रथिनात एकाच वेळी कितीतरी बदल जमवून आणावे लागले, ते जगात मोजक्याच ठिकाणी जमले. तुमच्या ५,३०० जनुकांच्या यादीत शोधून हीम कधीच सापडलं नसतं.

उत्साही : हा मुद्दा मी तुमच्याकडून घेते, अगदी मनापासून. पण यादी सोडून देण्याची गरज मला दिसत नाही, तिला दुसरा प्रश्न विचारायला हवा: इथून निसटायला परजीवीला काय मोजावं लागेल? तुमचंच ॲटोव्हाक्वोन बघा. २०१६ साली मेलबर्नच्या संशोधकांनी दाखवलं की सायटोक्रोम-बी बदलून निसटलेला परजीवी माणसाच्या रक्तात चालतो, पण डासात त्याची वाढ खुंटते, कारण डासात त्याला धडधाकट मायटोकाँड्रिया लागतात. प्रयोगशाळेतल्या डासांत तो पुढच्या यजमानापर्यंत पोचलाच नाही. एका रुग्णात जन्मलेला प्रतिरोध त्याच रुग्णात संपत असेल, तर एका अक्षरानं हरणारं औषधही मला वाईट वाटत नाही. मर्माचा अभ्यास नसता तर हे कळलं असतं?

दुसरं उदाहरण थायलंडचं. पायरिमेथामाइन या औषधाचं मर्म डीएचएफआर हे एन्झाइम, सगळ्यांत जुनं, सगळ्यांत बदनाम. चार जागी बदल होऊन ते औषध निकामी झालं. योंगयुथ युथावोंग यांच्या गटानं त्या एन्झाइमची त्रिमितीय रचना २००३ साली काढली आणि बघितलं की पायरिमेथामाइन ताठ आहे, बदललेल्या अमिनो आम्लावर ते आपटतं. मग त्यांनी पी-२१८ नावाचा लवचिक रेणू बांधला. एन्झाइमचं रोजचं काम ज्या रेणूवर चालतं तो जेवढी जागा व्यापतो, तेवढ्याच जागेत पी-२१८ बसतो. त्याला बाहेर ठेवायचं तर परजीवीला आपला रोजचा रेणूही बाहेर ठेवावा लागेल. तो माणसांतल्या सुरुवातीच्या चाचण्यांपर्यंत गेला, कपाटापर्यंत नाही, हे तुम्ही म्हणण्याआधी मीच म्हणते.

शंकेखोर : म्हणतच होतो. बरं, गेल्या पंधरा वर्षांत जे रेणू खरोखर पुढे सरकले ते कसे मिळाले तेही सांगा. स्पेनमधल्या ट्रेस कांतोसच्या प्रयोगशाळेत जीएसकेनं सुमारे वीस लाख रेणू थेट परजीवीवर टाकून बघितले आणि २०१० साली साडेतेरा हजारांची यादी खुली केली. स्पायरोइंडोलोन नोव्हार्टिसला तशीच मिळाली. डंडीचं कॅबामिक्विन तसंच. मर्म-बिर्म काही नाही, परजीवी मेला की खूण करा. आणि गानाप्लासाइड? ल्युमेफँट्रिनबरोबर त्याची तिसऱ्या टप्प्याची चाचणी आफ्रिकेतल्या बारा देशांत झाली, २०२५च्या नोव्हेंबरात निकाल जाहीर झाले ते चांगले आहेत. आर्टेमिसिनिननंतरचं पहिलं खरोखर नव्या कुळातलं औषध दारात उभं आहे आणि ते नेमकं कुठे लागतं हे अजून पक्कं सांगता येत नाही. मग माझा प्रश्न तिथेच राहतो. मर्म हवंय कशाला?

उत्साही : रेणू आधी आणि मर्म मागाहून, हा क्रम मला मुळीच खटकत नाही. फक्त ‘मागाहून’ म्हणजे चाळीस वर्षांनी नको. स्पायरोइंडोलोनचंच घ्या. रेणू सापडल्यावर परजीवीला त्या औषधाच्या थोड्या थोड्या मात्रेत महिनोन्‌महिने वाढवलं, दाद न देणारा निघाला तेव्हा त्याचा जीनोम वाचला. पीएफ-एटीपी-४ या जनुकात बदल सापडला. पुढे कॅनबेरात कळलं की हे प्रथिन परजीवीतला सोडियम बाहेर उपसतं, औषधानं तो उपसा बंद पडतो. परजीवीनंच आपलं मर्म आणि पळवाट एकदम दाखवली, रेणू रुग्णापर्यंत जाण्याआधी. २०१८ साली अशा ३७ रेणूंना पुरून उरलेल्या २६२ परजीवींचे जीनोम एकत्र छापले गेले. पळवाटांची इतकी मोठी वही हिवतापात आधी कुणी ठेवली नव्हती.

ती लागते कशाला, तर जोडीदार निवडायला. हिवतापात एकटं औषध द्यायचे दिवस गेले. दोन औषधं जोडायची तर दोघांची पळवाट एकच नसावी, आणि मर्म माहीत नसेल तर तुम्ही नशिबावर जोडी जुळवता. शिवाय विषारीपणा असतोच. केपटाऊनमध्ये केली चिबाले यांच्या गटानं शोधलेला एमएमव्ही-३९००४८, आफ्रिकेत शोध लागून मानवी चाचणीपर्यंत गेलेला पहिला हिवतापविरोधी रेणू, प्राण्यांतल्या विषारीपणापायी थांबवावा लागला. त्याचं मर्म पीआय-४-के हे एन्झाइम आहे आणि माणसातही त्याची भावंडं आहेत. पुढचा रेणू परजीवीच्याच एन्झाइमवर नेमका बसवायचा, तर दोन्हींतला फरक माहीत हवा.

शंकेखोर : आर्टेमिसिनिनला हे लावून बघा बरं. त्याला एक मर्म नाहीच. हीममधल्या लोहानं ते पेटतं आणि आजूबाजूला मिळेल त्या प्रथिनाला चिकटतं. २०१५ साली अशी १२४ प्रथिनं मोजली. शंभर जागी घाव घालणाऱ्या औषधातून सुटका नाही, असं तुमच्या हिशोबानं व्हायला हवं. तरीही कंबोडियात परजीवी सुटलाच. २०१४ साली केल्च-१३ हे जनुक सापडलं, आणि ते त्या १२४ पैकी कुणाच्या बचावाला उभं राहिलेलं नाही. २०२० साली उमगलं की बदललेला परजीवी कोवळ्या वयात हिमोग्लोबिन कमी खातो. खाणं कमी, हीम कमी, औषध पेटतच नाही. चक्क उपास करून निसटतो! आज रवांडा आणि युगांडात केल्च-१३चे बदल आपापले उगवलेत. पळवाट मर्मात नसतेच कधी कधी, ती परजीवीच्या सवयीत असते. तुमच्या वहीत सवयी कुठे लिहिणार?

उत्साही : लिहायला सुरुवात झाली आहे, एवढंच म्हणते. उपास करणाऱ्यालाही कोवळ्या वयात काहीतरी लागत असणार. प्रथिनांची मोडतोड निस्तरणारं प्रोटियाझोम त्याला अशा वेळी जास्त लागतं आणि ते अडवलं तर आर्टेमिसिनिनची धार परत येते, हे प्रयोगशाळेत दिसलंय. सवयीलाही मर्म असतं.

शंकेखोर : असेल. पण तुमचं सगळं ज्ञान फाल्सिपेरमचं आहे. १९७६ साली ट्रेगर आणि जेन्सन यांनी त्याला काचपात्रात सलग वाढवण्याची युक्ती काढली आणि तेव्हापासून सगळे त्याच दिव्याखाली शोधतायत. गडचिरोलीच्या जंगलात फाल्सिपेरम जास्त, तिथे तुमचा प्रकाश पोचतो. मुंबईत मात्र व्हायवॅक्स या परजीवीच्या दुसऱ्या जातीचंच प्रमाण मोठं. तो कोवळ्या तांबड्या पेशींतच शिरतो, काचपात्रात सलग वाढत नाही, आणि यकृतात झोपून राहतो. त्या झोपलेल्याला मारायला माझ्याकडे प्रायमाक्विन आहे, १९५२ पासून मान्यता असलेलं, चौदा दिवस द्यावं लागणारं. ताप तिसऱ्या दिवशी उतरतो, गोळ्या तिथेच थांबतात, आणि बांधकामावरचा तो मजूर दुसऱ्या गावी निघून जातो. ज्यांच्यात जी-६-पीडी हे एन्झाइम कमी आहे त्यांच्या तांबड्या पेशी त्या औषधानं फुटतात. टॅफेनोक्विन एका मात्रेत भागवतं, पण त्याआधीही जी-६-पीडीची चाचणी हवी. झोपलेल्या परजीवीचं मर्म कुठे आहे?

उत्साही : पक्कं सांगता येत नाही. झोपेत तो काहीच नवीन करत नसेल तर अडवायचं काय, हा खरा पेच आहे. दिल्लीत अमित शर्मा यांच्या गटानं लायसिल-टीआरएनए सिंथेटेज या एन्झाइमची रचना काढली. प्रथिनं बनवायला लागणारं ते एन्झाइम रक्तातही लागतं, यकृतातही. झोपलेल्याला थोडीशी का होईना प्रथिनं लागत असतील असं धरून तिथे आशा ठेवता येते. धरून, हे मी मुद्दाम म्हणाले.

शंकेखोर : मग एक करा. पुढच्या वेळी नवं मर्म जाहीर कराल तेव्हा शेवटचं ते वाक्य गाळा आणि त्याजागी तीन गोष्टी लिहा. परजीवीच्या कोणत्या अवस्थेत हे लागतं. इथून निसटायला त्याला किती बदल लागले. आणि निसटलेला डासातून पुढे जातो का.

उत्साही : फाल्सिपेरमसाठी पहिल्या दोहोंची उत्तरं आज प्रयोगशाळा देऊ शकते. तिसऱ्यासाठी डास पोसून त्यांना संसर्गित रक्त पाजणारी व्यवस्था लागते, ती मोजक्या ठिकाणीच आहे. व्हायवॅक्ससाठी प्रत्येक प्रयोगाला ताज्या रुग्णाचं रक्त लागतं, आणि ते तुमच्याकडूनच येणार आहे, डॉक्टर.